मापं बंद!

गेल्या रमजानमधल्या एका शुक्रवारी मी बाबांच्या शिंपीदुकानाचं शटर खाली ओढत होते, आणि अर्ध्यावर आलेल्या शटरखालून एक डोकं आत आलं.

"शिवायला टाकायचंय..."

"बारा वाजले. बाबा नमाजाला गेले. आता दोनपर्यंत अख्खं गाव बंद."

"मीही मशिदीतच निघालोय. म्हटलं, जाता जाता ईदच्या कपड्यांचं माप देऊन जावं. रात्रपाळी करून सीमेपलीकडून, थेट मिरीहून आलोय हो!"

"मिरीला शिंपी संपले वाटतं?" मी बोटाने पाटी दाखवली. "वाचा. मापं बंद. रमजान लागला की बाबा नवं माप घेत नाहीत. मंत्री आला तरी नाही."

"मग घेतात कधी?"

"ईद लागली की."

"म्हणजे ईदचे कपडे ईद झाल्यावर?"

"पुढच्या ईदला होतील की!"

तो हसला. हसताना त्याचे डोळे अगदी बारीक झाले. दोन वाजता शटर वर केलं, तर स्वारी पायरीवर बसलेली!

"आता काय?"

"पाटी नीट वाचायची राहिली होती..." तो म्हणाला. पाटीकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही.

हझवान त्याचं नाव. सीमेपलीकडे, शेजारच्या देशातल्या मिरीला, विजेच्या तारा दुरुस्त करतो. त्याची सुट्टी शनिवार-रविवार. मी सरकारी कचेरीत, म्हणून इथल्या रिवाजाने माझी शुक्रवार-रविवार. हाती लागायचा तो रविवारच. वर्षभर तो दर रविवारी सीमा ओलांडून आला. समुद्रावर बसून आम्ही काय बोलायचो, देव जाणे... पण सोमवारी कचेरीत मी एकटीच हसत असायचे.

यंदाच्या रमजानात मावशीने राजधानीतल्या एका साहेबाचं स्थळ आणलं. मी बाबांना सगळं सांगून टाकलं. बाबांनी सुईत दोरा ओवता ओवता ऐकलं.

"त्या मिरीवाल्याला ईदच्या दिवशी येऊन मला विचारू दे. ईदचा दिवस गेला, की मावशीला माझा होकार."

बाबा एकदा बोलले की बोलले.

आणि चांद बघायच्या संध्याकाळी घात झाला. मिरीकडे चांद दिसला. आमच्याकडे दिसलाच नाही! मी फोन केला.

"उद्या येऊ नकोस. आमचा अजून एक रोजा आहे. परवा ये."

"परवा मी खांबावर असेन, रफिदा. रजा उद्याचीच आहे."

"पण उद्या इथे ईद नाही!"

"बाबा म्हणाले, ईदच्या दिवशी ये. कुणाच्या ईदला... ते कुठे म्हणाले?"

आणि आला! पोपटी रंगाचे कोरे कपडे, डोक्यावर टोपी, हातात थराथरांच्या केकचा डबा. दुकानात शेवटच्या दिवसाची झुंबड उडालेली. बाबांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"आमचा रोजा आहे."

"मग माझाही, काका. इथे पाऊल टाकलं म्हणजे तुमच्याबरोबर. मला विचारायचं होतं..."

"ईदच्या दिवशी म्हटलं होतं मी. आज ईद नाही." बाबांनी त्याच्यापुढे सदऱ्यांची चवड सरकवली. "बटणं लावता येतात?"

तो बसला. बोट टोचून घेत, दोरे तोडत बटणं लावत राहिला.

"एवढ्या तारा जोडतोस आणि एक बटण जमेना?" मी कुजबुजले.

"तारा जोडताना समोर कोणी असं बघत बसत नाही..."

दुपारी त्याच्या आईचा फोन आला. पलीकडे पाहुणे, भांडी, पोरांचा गलका. ईद ऐन रंगात आली होती.

"जेवलास का रे?"

"काका उठूच देत नाहीत, आई," तो कोरड्या ओठांनी म्हणाला.

मला रडूच आलं. ईदच्या दिवशी हा माणूस माझ्यासाठी उपाशी बसला होता, आणि बाबांचं मशीन खडखडतच होतं. पण बाबांच्या मिशीचं टोक जरा हललं, ते मी पाहिलं.

सूर्य बुडाला. अजान झाली. बाबांनी पहिला खजूर हझवानच्या हातावर ठेवला. खजूर, पाणी, नमाज... आणि तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"निघतो, काका. सीमा बंद होईल. सकाळी कामावर हजर व्हायचंय..." त्याने माझ्याकडे पाहिलं. मला त्याच्याकडे बघवेना.

"थांब," बाबा म्हणाले. "ईद कधी लागते रे?"

"चांद... म्हणजे... सूर्य बुडाला की. आपला नवा दिवस तिथूनच."

"मग? बुडाला ना? आता विचार."

पाठ करून आणलेलं सगळं तो विसरला. "काका... रफिदा... म्हणजे मला... मी तिला..."

बाबांनी गळ्यातली टेप काढली. "हात वर कर."

"पण काका, मापं तर..."

"रफिदा, ती पाटी उतरव आधी!"

मी स्टुलावर चढले. पाटीची दोरी खिळ्यातून निघेचना. मागे बाबांनी त्याच्या खांद्याला टेप लावली होती.

"आणि एक सांगून ठेवतो," ते म्हणाले, "लग्नात असला पोपटी रंग मी शिवणार नाही."