चौथी ‘ब’चा चंद्र

त्यानं मला ताई म्हटलं नाही, हे मी पहिल्याच दिवशी टिपलं होतं. पण त्या दिवशी माझ्या हातून झालेला घोळच एवढा मोठा होता, की लाजायलाही सवड मिळाली नाही.

जून संपत आला होता. शाळा उघडायच्या आठवड्यात पिपरी मेघेतलं माझं झेरॉक्सचं दुकान वह्यांना कव्हरंही घालून देतं. लोक वह्या देतात, कागद देतात. मी कापते, दुमडते, लेबल डकवते. काउंटरवर गुळगुळीत पानांचं एक जुनं अमेरिकन मासिक पडलेलं. मला वाटलं, समोर उभ्या असलेल्या मंजुषाताईंनी लेकीच्या वह्यांसाठी ठेवलंय. आईच्या लहानपणी वह्यांना असलीच कव्हरं असायची. मी मधलं जोडपान सोडवलं आणि गणिताच्या वहीवर चढवलं. चंद्रावर उभा राहिलेला माणूस, आणि त्याच्या काचेच्या टोपावर नेमकं माझं लेबल... ‘इयत्ता चौथी, तुकडी ब’.

मंजुषाताई वह्या घेऊन गेल्या, आणि मासिक काउंटरवर ठेवून गाडी सावलीत लावायला गेलेला तो आत आला.

“मॅडम, ते पुस्तक स्कॅन कराचं होतं... सुरू केलं का तुमी?”

मी कात्री पाठीमागे लपवली.

तो हेमराज. देवळीला त्यांचं किराणा दुकान. मासिक त्याच्या आजोबांचं, मोतीलालजींचं. तरुणपणी ते पुड्या बांधायला नागपूरहून रद्दी आणत, त्यात ही मासिकं निघायची. पण असल्या कागदाला खळ धरेना, पुड्या उसवायच्या. मग आजोबांनी ती बाजूला ठेवली आणि बघत बसले. इंग्रजी येत नव्हतं, तरी चित्रांवरून गिऱ्हाइकांना अमेरिकेच्या बातम्या सांगायचे. माशाच्या शेपटीच्या मोटारी, कमरेभोवती कडं फिरवणाऱ्या पोरी, टीव्हीसमोर ताटं घेऊन बसलेलं घर, केसांना तेल चोपडून गाणारा पोरगा... सगळं देवळीत पोचेपर्यंत शिळं झालेलं. एकदा तर कव्हरवर एक राष्ट्राध्यक्ष मजेत हसत होता, आणि त्याला जाऊन तीन महिने झाले होते. ते मासिक आजोबांनी पालथं घालून ठेवलं म्हणे.

आता त्यांचा एक डोळा काचबिंदूनं गेला होता. दुसरा आहे तोवर ही चित्रं टीव्हीवर मोठी करून पाहायची होती. आणि सगळ्यात आधी चंद्राचं पान.

मी सगळं कबूल केलं. तो हसत सुटला. संध्याकाळी आम्ही दोघं मंजुषाताईंकडे गेलो. लेक वही सोडायला तयार नव्हती. ‘वही भरली की पान देईन’ म्हणाली. मी रडवेली झाले होते, आणि हा पठ्ठ्या तिला म्हणाला, “चालते. घाई नाई.”

घाई कशी नाही? मी घरी जाऊन त्या वाक्याचा फार विचार केला.

त्यानंतर तो दर मंगळवारी येऊ लागला. एका वेळी एकच मासिक. सगळी एकदम आणा म्हटलं, तर म्हणाला, वजन होते. साखरेचं पोतं मोटरसायकलवर आणणारा माणूस हा. मीही काही कमी नव्हते. एकेक पान दोनदा स्कॅन करायची, आणि मंगळवारी कानातले बदलायची. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, वही किती भरली? गुणाकार झाले, मी सांगायची. भागाकार चालू आहेत. मग तो आजोबांच्या थाटात अमेरिकेच्या बातम्या सांगायचा आणि मी हसून बेजार व्हायची.

दसऱ्याला वही भरली. पोर शब्दाला जागली, पान आणून दिलं. मी ते सपाट करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. मंगळवारी त्यानं विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अपूर्णांक बाकी आहेत.”

मासिकंही संपत आली होती. पान दिलं, की हा कशाला येणार? एक मंगळवार गेला, दोन गेले, दिवाळी गेली. तिकडे एका म्हाताऱ्याची नजर विझत होती आणि मी त्याचा चंद्र दाबून बसले होते. मला घास गोड लागेना. स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

नोव्हेंबरातल्या मंगळवारी त्यानं सांगितलं, आजोबांना दुसऱ्या डोळ्यानंही कमी दिसून राह्यलं. मी उठले. ड्रॉवर उघडला. पान त्याच्यापुढे ठेवलं.

“दसऱ्यापासून माझ्याजवळ आहे. तुम्ही... यायचे बंद व्हाल म्हणून.”

तो पानाकडे बघतच नव्हता.

“मले माहीत होतं,” तो म्हणाला. “मंजुषाताई देवळीच्या शाळेत शिकवते. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी नवी वही आमच्याच दुकानातून नेली तिनं.”

“मग का नाही मागितलं?” मी विचारलं.

“मागितलं असतं तर तू दिलं असतं... मंग मी कोणत्या तोंडानं आलो असतो?”

तुमीचं तू झालं होतं. दोघांनीही ते ऐकलं, आणि कुणीच दुरुस्त केलं नाही.

मी कसंबसं विचारलं, आणि आजोबा? त्यांना त्यानं तेव्हाच सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, थांब, चंद्र कुठं पळून नाई जात. पण आज सकाळी म्हणाले, आता पोरीलेच घेऊन ये.

मी भरदुपारी शटर ओढलं आणि त्याच्या मागे गाडीवर बसले.

देवळीच्या दुकानात मोतीलालजींनी पान उरलेल्या डोळ्याजवळ धरलं. कितीतरी वेळ बघितलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “चंद्राची बातमी मले चार महिन्यानं भेटली होती. साऱ्या दुनियेनं पाहून झाल्यावर. तुमची मात्र मले जूनमधीच समजली. तुमालेच उशिरा भेटली.”

हेमराज गुळाच्या ढेपा नीट लावू लागला. माझे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “आजोबा, ते लेबल पाण्यानं भिजवून काढून देते मी.”

“राहू दे, बेटा,” ते म्हणाले. “त्या लेबलानंच तर तुले इथं आणलं.”