आवडी-नावडीची वही

ज्या माणसाला मी आदल्याच मंगळवारी खोटं बोलताना पकडलं होतं, तोच त्या दुकानात काउंटरमागे उभा असेल असं कळलं असतं, तर मी छत्री मिटलीच नसती. सरळ परत फिरले असते. पण छत्री मिटून झाली होती, दाराची घंटा वाजून झाली होती, आणि त्याने मला ओळखलंही होतं.

"अगंबाई..." मी म्हणाले.

"नमस्कार, डॉक्टर," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

मी डॉक्टर नाही. मी डोळे तपासून चष्मे बनवते. हा माणूस छोट्या मोटरी दुरुस्त करतो – मिक्सरच्या, शिलाई मशीनच्या, केस कापायच्या यंत्रांच्या. हल्ली त्याला स्क्रू हातभर लांब धरावे लागत होते, लांबचंही पुसट दिसत होतं, म्हणून माझ्याकडे आला होता. तक्त्याशेजारच्या बाकावर नंबर यायची वाट बघता बघता पठ्ठ्याने भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत पाठ केला. मला संशय आला, म्हणून मी गुपचूप तक्ता बदलला. तरी त्याची अक्षरं घडाघडा चालूच!

"अहो पाठांतरवाले," मी म्हणाले, "समोर आता आकडे आहेत."

मी इतकी हसले की माझं चाकांचं स्टूल मागे गेलं. मग त्याचा चेहरा पाहिला आणि गप्प झाले. नजर गेली तर काम गेलं, या भीतीने घाम फुटला होता त्याला. मी म्हणाले होते, "इथे पास-नापास नसतं. दिसतं ते सांगा, आणि दिसत नाही ते जरा मोठ्याने सांगा." मग चाचणीच्या भिंगांची चौकट त्याच्या कानांमागे बसवली, तेव्हा माझ्या गार बोटांनी तो दचकला होता.

तर असा हा माणूस. आणि दुकान कसलं? व्हायब्रेटरचं. म्हणजे तसं बायकांच्या सगळ्याच खाजगी वस्तूंचं, पण मी आले होते ती याच्यासाठी. फोनवर मला सांगितलं होतं की एक निवृत्त नर्सबाई बसतात.

"ती माझी आत्या," तो म्हणाला. "आज तिचा गुडघा धरलाय. मी एरवी मागच्या खोलीत असतो. प्रत्येक वस्तूची मोटर चालवून बघितल्याशिवाय ती विकत नाही ना... तुम्ही उद्या याल का? किंवा—" त्याने चक्क माझ्याकडे पाठ केली. "मी असा उभा राहतो. तुम्ही निवांत बघा. विचाराल तेवढंच सांगेन."

मी जायला हवं होतं. पण त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर इस्त्रीची एक चुकलेली घडी होती, आणि त्या घडीशी बोलणं मला एकदम सोपं वाटलं.

"मला... कुठला घ्यायचा ते कळत नाही," मी घडीला म्हणाले.

"कुणालाच कळत नाही सुरुवातीला. आत एक मोटर, वरून सिलिकॉन, एवढंच असतं. काही बाहेरून टेकवायचे, काही आत घ्यायचे, काही दोन्ही. आत्या म्हणते, बऱ्याच बायकांना बाहेरूनच जास्त बरं वाटतं. पण बऱ्याच म्हणजे तुम्हीच असं नाही."

"आणि तो... मोठा?"

"मोठ्याची मोटर चांगली असतेच असं नाही. वासावर जा. रबरासारखा उग्र वास आला तर खाली ठेवा." त्याने न वळताच खांद्यावरून दोन छोटे व्हायब्रेटर मागे माझ्याकडे धरले. "डोळे मिटा आणि नाकाच्या शेंड्यावर टेकवा."

"नाकाच्या?"

"हात फसवतो, कामाने निबर झालेला असतो. नाक फसवत नाही. आत्याच्या दुकानात सगळ्या बायका नाकावरच बघतात. हसू नका... हसा, हरकत नाही. हं, आता सांगा. हे बरं की ते?"

हे बरं की ते. हा प्रश्न मी दिवसातून चाळीस वेळा विचारते. भिंगं बदलत, शांत आवाजात, समोरच्याला अजिबात घाई न करता.

"दोन्ही छान," मी म्हणाले.

तो भिंतीकडे बघतच हळूच म्हणाला, "इथे पास-नापास नसतं, डॉक्टर."

त्या वाक्याने माझे डोळे भरून आले. माझंच वाक्य होतं, तरीही. सहा वर्षं मी संसार केला. नवरा विचारायचा, "छान?" मी म्हणायचे, "छान." त्याला वाईट वाटू नये म्हणून, लवकर आटपावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर काय उत्तर द्यावं तेच माहीत नव्हतं म्हणून. वेगळं होताना तो म्हणाला, "तुला काही आवडतच नाही. दगड आहेस तू." दोन वर्षं झाली त्याला. तो दुसरीकडे सुखात आहे, ते वाक्य मात्र माझ्याकडेच राहिलं. मी दगड आहे की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

हे मी त्याला सांगितलं नाही. नुसतं नाक ओढलं.

"मी आज तुम्हाला काही विकत नाही," तो म्हणाला. "रागावू नका. हे-ते सांगता येत नसेल तर आत्या आठवडाभराचा अभ्यास देते. एक वही करायची. अंगाला जे जे लागेल – पाणी, कंगवा, पांघरूण – ते आवडलं की नाही, लिहायचं. 'छान' लिहायला बंदी."

"आणि नाही केला अभ्यास?"

"तर छडी," तो म्हणाला, आणि लगेच, "आत्याची. माझी नाही."

वही केली मी. आधी हसू आलं, मग सवय लागली, मग नादच लागला. कंगवा जोरात नको. मानेवर गरम पाणी हवं, भरपूर वेळ. पातळ चादर नको, जड पांघरुणाचं वजन हवं. फोन टेबलावर थरथरतो ते नको, दात शिवशिवतात. शेजारच्या शिंप्याच्या मशीनवर हात ठेवला तेव्हा आतून जी खोल, जाड गुरगुर आली ती... हवी. ते 'हवी' लिहिताना मी इकडे तिकडे बघितलं, जसं काही कुणी वाचतंय. चौतिसाव्या वर्षी मला स्वतःची ओळख होत होती, आणि बाई बऱ्यापैकी हट्टी निघाली.

मंगळवारी तो चष्मा न्यायला आला. मी काड्या त्याच्या कानांमागे बसवल्या, थोड्या वाकवल्या, परत बसवल्या. हे काम मी रोज करते. त्या दिवशी माझी बोटं नेहमीपेक्षाही थंड पडली होती.

त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिला.

"तुमच्या हनुवटीवर तीळ आहे."

"जन्मापासून आहे."

"मला आज दिसला." मग घाईघाईने, "चष्मा उत्तम आहे, असं म्हणायचंय मला."

"टोचतोय का? खरं सांगायचं."

"डावीकडे. कणभर."

मी परत वाकले. त्याने श्वास रोखून धरलेला मला कळला. मी पाहिजे त्यापेक्षा जरा जास्तच वेळ लावला, हे कबूल करते.

"वही?" त्याने विचारलं. मी गुरगुरीची नोंद सोडून सगळं वाचून दाखवलं. कंगव्याला तो मान हलवत होता, जड पांघरुणाला "हो ना!" म्हणाला. मग त्याने खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. "मीही केला अभ्यास. सोबत म्हणून." मशीनचं तेल बोटांवर आवडतं. लोकरी गळपट्टा नावडता. टॉवेल खरखरीतच हवा. शेवटची ओळ मात्र त्याने अंगठ्याखाली झाकली.

"ते काय?"

"ते गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही." तो एकदम गंभीर झाला. "आत्याचा नियम आहे. दुकानात येणाऱ्या बाईशी सलगी नाही. बायका विश्वासाने येतात, नको नको ते सांगतात. त्याचा फायदा घ्यायचा नाही. मला पटतो तो नियम."

मलाही पटला. म्हणूनच माझी फार चिडचिड झाली.

गुरुवारी गेले तेव्हा आत्या होत्या. ठेंगण्या, सत्तरीच्या, एक पाय स्टुलावर ठेवून राज्य करणाऱ्या. तो मागच्या खोलीत होता, पडद्यापलीकडे. आत्यांनी वही डोळ्यांजवळ धरून वाचली, गुरगुरीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "शहाणी आहेस."

त्यांनी तीन वस्तू पुढ्यात ठेवल्या. मी डोळे मिटले, नाक पुढे केलं.

"हे नको," मी म्हणाले. "बारीक आहे, मुंग्या येतात. हेही नको, बटण दाबायला बोट वाकडं करावं लागतंय. हे... हे हवं."

मुठीत मावेल एवढा, गुळगुळीत, खोल आवाजाचा. पडद्यामागची हातोडी मधेच थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"भिंती पातळ आहेत का घराच्या?" आत्यांनी विचारलं.

"घरमालकीणबाई पलीकडे राहतात."

"हा चालेल. दारापर्यंतसुद्धा आवाज जात नाही. आधी कपड्यांवरून, सगळ्यात हळू वेगावर. जेल वापर, पाण्याचं, तेल नाही. आधी आणि नंतर साबणाने धुवायचं. आणि पहिल्या दिवशी काही झालं नाही तर डोक्यात राख घालून घ्यायची नाही. परीक्षा नाहीये ती."

रविवारी दुपारी मी पडदे ओढले. पलीकडे घरमालकीणबाईंचा रेडिओ चालू होता. पहिल्यांदा मी अर्धा तास नुसती हसत होते. मग गप्प झाले. पुढचं सांगणार नाही. फक्त एवढंच, की मी दगड नाही. कधीच नव्हते. मला हळू हवं होतं, उजवीकडे थोडं जास्त हवं होतं, आणि कुणी घाई करायला नको होती. इतकी साधी गोष्ट! मी रडले, तोंड धुतलं आणि मग मला प्रचंड भूक लागली.

त्यानंतर दोन आठवडे तो आला नाही. चष्मा नीट बसला होता, मोडत नव्हता, येणार कशाला? मी दाराच्या घंटीकडे कान लावून बसायचे. नंबर तपासताना गिऱ्हाइकाला दोनदा तेच भिंग लावलं. मनात म्हणायचे, कळायला नको का त्याला? आपण होऊन यायला नको का?

आणि एका सकाळी, कुणाच्या तरी चष्म्याची काच पुसता पुसता, मी थबकले. अरे, हे तर तेच! सहा वर्षं मी हेच केलं होतं. न सांगता समोरच्याने ओळखावं म्हणून बसून राहिले होते. आणि हा बिचारा तर नियमाने बांधलेला. तो बोलूच शकत नव्हता. बोलायचं कुणी, हे उघड होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी दुकान बंद केलं आणि निघाले. रिमझिम होती, छत्री विसरले. वाटेत दोनदा परतले, दोनदा पुन्हा वळले. पोचले तेव्हा केसांतून पाणी गळत होतं, आणि आत्या दोन बायकांना जेलची बाटली दाखवत होत्या.

"ये गं. बिघडला की काय?"

"नाही. उत्तम चाललाय."

"मग काय हवंय?"

त्या दोघी बायका बघत होत्या. पडद्यामागे मोटरची घरघर थांबली. 'काही नाही, सहज' हे शब्द या वेळी तोंडात आलेच नाहीत.

"तुमचा भाचा," मी म्हणाले.

एका बाईच्या हातून बाटली निसटली. आत्यांनी ती न बघताच झेलली.

"माझ्या दुकानात गिऱ्हाइकाशी सलगी चालत नाही."

"मला आता दुकानातलं काही नकोय, आत्या. मी गिऱ्हाईक म्हणून आलेच नाही. मला तो आवडतो. पाठांतर करणारा, पाठ करून उभा राहणारा... मला तो हवाय. त्याला मी नको असेन तर तसं सांगू दे. पण मी सांगितल्याशिवाय जाणार नव्हते."

पडदा बाजूला झाला. तो उभा होता, बोटांना तेल, चष्मा कपाळावर. त्याने चष्मा खाली ओढला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग गडबडून खिसे चाचपले, तो चुरगळलेला कागद काढला आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला. शेवटची ओळ तेलाने डागाळली होती, तरी वाचता येत होती. 'तिची थंड बोटं कानामागे. हवी.'

"जा रे," आत्या म्हणाल्या. "तासाभराने ये. आणि हात धू आधी."

बाहेर रिमझिम चालूच होती. आम्ही दुकानांच्या पागोळ्यांखालून चाललो, थोडं अंतर ठेवून, दोघंही एकदम शहाण्यासारखे.

"एक सांगते," मी म्हणाले. "तो कपाटातला... तो राहणार. तू असलास तरी."

"राहू दे की. मोटर बिघडली तर घरचाच माणूस आहे." मग जरा चाचरत, "पण मला... शिकवशील ना? म्हणजे तुला काय... कसं... हे पाठ करून जमणार नाही मला. विचारावंच लागेल."

"विचार. मी सांगेन."

तो थांबला. त्याने माझा हात हातात घेतला, अलगद, काचेची वस्तू धरावी तसा. पूर्वीची मी असते तर गप्प राहिले असते.

"असा नको," मी म्हणाले. "घट्ट धर."

त्याने घट्ट धरला.

"अजून?"

"अजून."