सात नंबरचं शेपूट

प्रेम आणि पाईन, दोन्ही सरळ वाढावीत, यावर सगळ्या मानवजातीचं एकमत आहे. लाउतोका शहरामागच्या डोंगरातल्या पाईनच्या लागवडीत मात्र फार सरळ वाढणाऱ्यावर आधी नापसंतीची लाल फुली पडते.

तिथं झाडं मोजणाऱ्या रोपातेचा लाडका पाईन, सात नंबर, असाच होता. बाकीची झाडं कोरड्या महिन्यांत शेंडा थांबवून दम खात आणि पावसाबरोबर फांद्या फोडत. सात नंबर थांबेचना! फांदी नाही, काही नाही. नुसतं उंच शेपूट. याचीच कलमं टेकडीभर लावायची, असं रोपातेच्या मनात होतं. त्या दिवशी भुरभुर पावसात एका हातानं खोड कवटाळून तो शेंड्याला काठी लावत होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

"झाड मोजतोयस की मागणी घालतोयस, कसाव्या?"

झाडं निवडायला एका हंगामापुरती आलेली ही लोसालीनी. तिचं बेट आणि त्याचं गाव यांचं पिढीजात थट्टेचं नातं : काहीही बोला, कसावा कंद खाणारे म्हणून 'कसाव्या' म्हणा, समोरच्यानं रागवायचं नाही.

"तुमच्या बेटावर नारळ सोडून झाड नाही. तुला काय कळणार… जवळीक!"

"पहिल्या वादळात मोडेल तुझी नवरी."

तिनं ओली बट कानामागे सारली. सात नंबरची त्या महिन्याची उंची चुकली ती चुकलीच.

पुढे रोपातेची पंचाईत झाली. "लोसालीनी… मला तू आवडतेस," तो एकदा म्हणाला, आणि ती हसता हसता रोपांच्या ट्रेवर बसली. "झकास जमली रे थट्टा! आता यावर मी काय बोलू?"

त्या नात्यात खरं बोलायची सोयच नव्हती. त्यानं अदब आजमावली. "आपण बसावं," म्हणताच तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता… हात लागेपर्यंत.

झाडं निवडायची शेवटची बैठक आली. ती झाली की लोसालीनी बोटीनं परत जाणार.

"सात नंबरचं काय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

रोपाते उठला. "काढून टाका. लोसालीनीचं बरोबर आहे."

त्याच्या गावच्या माणसानं तिच्या बेटाला बरोबर म्हटल्याचं कुणाच्या आजोबांनीही ऐकलं नव्हतं.

"थट्टा?" तिनं हळूच विचारलं.

"नाही."

"म्हणजे… ते, त्या दिवशीचं—"

"तेही नाही."

"मेल्या, मग आधी नाही सांगायचं?"

"सांगितलं होतं. तू रोपांवर बसलीस."

ती खाली बघून हसली. त्या आठवड्याची बोट तिच्याशिवाय गेली.

सात नंबरची कलमं आधीच टेकडीभर लावून झाली होती. निवडीची बैठक नेहमी लावणीनंतरच होते.