त्रेसष्ट प्रतिक्रिया

भर दुपारी तो कुलपांच्या दुकानात शिरला, तेव्हा त्याच्या हातात कचऱ्याची पिशवी होती आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"कचरा टाकायला बाहेर आलो... आणि मागे दार लागलं. किल्ली आत, मी बाहेर."

"आणि कचरा?"

त्याने पिशवीकडे असं पाहिलं, जणू तीच त्याच्या मागे लागून आली होती. कुलूपवालीला हसू आवरेना. बाबांचे गुडघे दुखायला लागल्यापासून दुकान तीच बघायची. लाजणारी गिऱ्हाइकं तिने पुष्कळ पाहिली होती, पण इतकं गोड लाजणारं... छे! तिने हत्यारांची पेटी उचलली.

दार चार मिनिटांत उघडलं.

"तुम्ही नेटवर का नाही सापडत?" त्याने विचारलं. "अकराव्या पानापर्यंत शोधलं. शेवटी कोपऱ्यावरच्या शिंप्याने तुमचं दुकान दाखवलं."

ही तिची दुखरी नस. काकांनी हौसेने कुठल्याशा कंपनीकडून चार हजार लिंका विकत घेतल्या होत्या, म्हणजे भलभलत्या साइटींवर दुकानाची जाहिरात चिकटवून घेतली होती. सर्च इंजिनला लबाडी कळली आणि दुकान पहिल्या पानावरून गडप झालं. आठ महिने फोन थंड होता. बाबा आता दुकान बंद करायची भाषा बोलत होते.

त्याने दुकानाचं नाव विचारलं आणि ते ऐकून कचऱ्याच्या पिशवीची गाठ उगाचच पुन्हा बांधली.

"खोट्या लिंका साफ करणं हाच माझा धंदा आहे," तो म्हणाला. "मी करून देतो. फुकट... दार उघडलंत म्हणून."

"म्हणजे तुम्ही कचरेवालेच की!"

कचरेवाला रोज दुपारी काउंटरच्या टोकाला लॅपटॉप उघडून बसू लागला. एकेका साइटच्या मालकाला पत्र जायचं—कृपया आमची लिंक काढा. यादी ती मोठ्याने वाचायची.

"दातदुखीवर उपाय... कासव कसं पाळावं... घटस्फोटाचे नियम. इथे कुलूप कशाला?"

"घटस्फोटानंतर बदलावं लागतं ना."

"बराच अनुभव दिसतोय!"

"छे. अजून लग्नाचाही नाही."

"मी विचारलं नव्हतं हं."

"मी सांगून ठेवलं..."

मधूनच काका यायचे आणि "एखादी तरी ठेवा रे!" म्हणून विनवायचे. यादी संपत आली तशी ती मुद्दाम हळू वाचू लागली.

शेवटी त्रेसष्ट लिंका उरल्या, सगळ्या एकाच साइटवरच्या. साइट बघून ती खुदकन हसली. "हा तर माझाच ब्लॉग! मी मारलेल्या झाडांबद्दल लिहायचे मी. वाचक एकच, 'समाधानी ग्राहक'. हे ऐका... 'पुदिना गेल्याचं वाचून वाईट वाटलं. पुढच्या वेळी पाणी कमी घाला. मजबूत कुलपांसाठी इथे क्लिक करा.' काकाच असणार. माझं मन राखायला लिहायचे बिचारे."

कचरेवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका नाही... मी. पहिली नोकरी होती. दिवसाला दोनशे लिंका पेरायच्या. तुमच्या दुकानाचं काम माझ्याकडेच होतं. नाव ऐकलं तेव्हाच ओळखलं, पण—"

"आठ महिने बाबा त्या फोनकडे बघत बसलेत! आणि तुम्ही इथे बसून माझ्याशी घटस्फोटाचे विनोद करत होतात?"

तो लॅपटॉप उचलून निघून गेला. ती मागच्या खोलीत जाऊन रडली. त्याने दुकानाचं नुकसान केलं याहीपेक्षा इतके दिवस लपवलं, हे तिला जास्त बोचत होतं. आणि एवढं होऊनही दुपार झाली की तिचं लक्ष काउंटरच्या त्या टोकाकडे जायचं.

पाचव्या दिवशी त्याचा मेल आला. दुकान पुन्हा पहिल्या पानावर घ्यावं म्हणून सर्च इंजिनला पाठवायचा कबुलीजबाब होता. 'या लिंका मी पेरल्या. दुकानदाराला परिणाम माहीत नव्हते.' खाली त्याचं पूर्ण नाव. शेवटी लिहिलं होतं, 'त्रेसष्ट लिंका एकाच ब्लॉगवर आहेत. तिथे एकच टाकून पुढे जायचं होतं. पण लेख वाचायला लागलो आणि पुन्हा पुन्हा जात राहिलो. लिंका खोट्या होत्या. प्रतिक्रिया खऱ्या होत्या. त्या लेखिकेला न पाहताच ती मला आवडू लागली होती.'

तिने तीनदा वाचलं आणि त्याला फोन करून बोलावलं.

"नाव कशाला घातलंत? उद्या तुम्हाला या धंद्यात कोण उभं करेल?"

"खोटं लिहून माफी कशी मागू?"

"लिंका मी काढल्या. प्रतिक्रिया ठेवल्यात," ती म्हणाली. "आणि शेवटचा परिच्छेद कापला. सर्च इंजिनला काय करायच्यात असल्या चौकशा?"

आतून बाबा उगाचच खोकले. तिने बटण दाबलं. पत्र गेलं.

"उत्तराला तीनेक आठवडे लागतील," तो म्हणाला. "नाहीही म्हणतील. आणि... तुमचं उत्तर?"

तिचे कान तापले. "माझा राग अजून गेलेला नाही. पण तुम्ही नव्हतात त्या चार दुपारी मला अजिबात करमलं नाही. आवडता तुम्ही मला. आता हे दोन्ही एकदम कसं सांभाळायचं, ते तुमचं तुम्ही बघा."

"बघतो," तो म्हणाला, आणि लॅपटॉप न उघडताच तिच्या शेजारी बसला.