डब्यात काय गं, डब्यात काय

"आता स्वानंदीची पाळी... ओळख गं, काय हाय डब्यात?"

कडेगावच्या आमच्या गल्लीतल्या संयोगिताकाकूंचा हा आवाज अजून कानात आहे. हादग्याची गाणी संपली, पाटावरच्या हत्तीभोवतीचे फेर थांबले, की काकू खिरापतीचा डबा कानाशी आणून वाजवायच्या. मी डोळे मिटून सांगायचे – शेंगदाणे... बत्तासे... खोबरं... दरवर्षी सोळा दिवस. एकदाही बरोबर आलं नाही.

म्हणूनच असेल, गेल्या फाल्गुनात सांगली–कराड एसटीत शेजारच्याच्या मांडीवरचा डबा खुळखुळला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं – "खारीक?"

त्यानं वळून पाहिलं. उन्हानं तांबूस झालेला चेहरा, आणि डोळ्यांत आधीच हसू.

"चूक."

"मग... बदाम?"

"लय लांब राहिलात. हळकुंडं! आत्यासाठी सांगलीच्या पेठेतनं आणलीत. तुम्ही असे डबे ओळखत फिरता का काय?"

"एकही ओळखता येत नाही, म्हणून तर फिरते."

कराड येईपर्यंत त्यानं माझ्याकडून अख्खा हादगा काढून घेतला. त्याचं नाव मुकुल. साखर कारखान्यात कॉम्प्युटरचं काम करायचा, आणि उरलेल्या वेळात मोबाईलवरचे गेम बनवायचा. स्टँडवर उतरताना म्हणाला, "याचाच गेम करू या? गाणी तुमची, बाकी माझं."

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते तेव्हा कळलं नाही.

मी कराडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. सकाळी सातपासून लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई टोचायची, वाकडी झालेली तोंडं बघायची. सहाला सुटले की अंगात काही उरलेलं नसायचं. तरी पाय मात्र सोमवार पेठेकडे वळायचे... मुकुलच्या आत्याच्या माडीवर. तोही कारखान्यातून तसाच पिळून आलेला. दोघं दोन खुर्च्यांवर कोसळायचो आणि आधी पाच मिनिटं नुसतं गप्प बसायचो. ती पाच मिनिटं मला दिवसभर पुरायची.

कोड लिहायला मुकुलनं एआय सहायक घेतला होता. आम्ही टाइप करून सांगायचं, त्यानं करून दाखवायचं. बोलणं इतकं अदबीचं, की आत्यांनी त्याचं नावच ठेवलं – पावणं.

पहिल्याच दिवशी पावण्यांनी गेममधल्या मुलीच्या तोंडी वाक्य घातलं – 'कृपया डब्यातील पदार्थाचा अंदाज वर्तवावा.'

मी डोक्याला हात लावला. "हादग्यात असं कोण बोलतं?"

"मग कसं बोलतात? शिकव की त्याला."

मी टाइप केलं – 'वाजवून बघ, पण झाकण उघडलंस तर पाठीत धपाटा!'

मुकुल हसला. "आता कळलं, तू लहानपणी किती धपाटे खाल्लेस ते."

त्या दिवशी तो मला पहिल्यांदा 'तू' म्हणाला.

मग हेच चालू झालं. पावण्यांनी डबा हलता केला, हत्तीचे कान हलते केले. मुकुल तपासायचा, पुन्हा करून घ्यायचा. मी गाणी रचायचे –

डब्यात काय गं, डब्यात काय?
ओठांवर आलंय, सांगवत नाय...

"ही ओळ कुणासाठी?" त्यानं एकदा विचारलं.

"गेमसाठी."

"हां... गेमसाठी," तो म्हणाला.

श्रावणात बंगळूरच्या एका कंपनीचं पत्र आलं. त्याला तिकडे गेम बनवायची नोकरी मिळाली होती. त्यानं ते वाचून दाखवलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरं झालं की." एवढंच. माझ्या ओठांवर दुसरंच काही होतं... पण दमलेल्या माणसाला गप्प बसायला निमित्त लागत नाही.

आणि तो शनिवार आला. गेम आजच पाठवायचा होता, घटस्थापनेच्या आधी लोकांच्या मोबाईलवर जावा म्हणून. उद्या सकाळी त्याची बंगळूरची गाडी. तो इस्त्रीचे कपडे आणायला खाली गेलेला. आत्या माझ्याशेजारी बसून मोबाईलवर गेम खेळत होत्या. त्या पाच वेळा हरल्या.

"ह्यो डबा मलाच का गं फसवतो? तुझं तर रोज पहिल्या झटक्यात बरोबर येतंय!"

त्या चहा टाकायला उठून गेल्या, आणि मी मात्र बसल्या जागी चमकले. खरंच की. आषाढापासून माझं एकदाही चुकलं नव्हतं. माझं... जिचं जन्मात कधी बरोबर आलं नाही!

गेममध्ये कुठेतरी चूक राहिली होती, आणि पाठवायला तासभर उरला होता. मी घाईनं पावण्यांना विचारलं – 'स्वानंदी नावानं खेळलं की उत्तर नेहमी बरोबर का येतं?'

उत्तर आलं, नेहमीसारखंच अदबीचं –

'ही चूक नाही. बदलांच्या नोंदीनुसार ही अट मुकुल यांनी आषाढात स्वतः लिहिली आहे. शेजारी त्यांची टीप आहे: "खेळणारी स्वानंदी असेल, तर ती म्हणेल तेच डब्यात असावं. दिवसभर सुया टोचून येते, दमलेली असते. निदान इथं तरी तिचं बरोबर यावं. ही अट काढू नये." तरी तुम्हाला ती नको असेल, तर गेम पाठवण्याआधी ही अट काढू का?'

अक्षरं धूसर झाली. खिडकीतून संध्याकाळचं पिवळं ऊन आत आलं होतं, खाली आत्यांच्या चहाला उकळी फुटत होती... आणि जिन्यावर पावलं वाजली.

मुकुल दारात आला. हातावर इस्त्रीचे शर्ट. त्याची नजर स्क्रीनवर गेली, आणि तो तिथंच थांबला.

"पावण्यांनी चहाडी केली म्हणायची," तो हळूच म्हणाला.

"एवढे महिने मला खोटं जिंकवलंस?"

"तू जिंकलीस की हसायचीस गं... दिवसातनं तेवढंच एकदा." त्यानं शर्ट खुर्चीवर ठेवले. मग बॅगेतून एक डबा काढून माझ्या कानाशी वाजवला. "याच्यात कसली अट न्हाई. खराखुरा आहे. ओळख."

आत काहीतरी खुळखुळलं. मी पावण्यांना दोन शब्द टाइप केले – 'राहू द्या' – आणि वळले. डब्यावर हात ठेवून त्याचा आवाज बंद केला.

"मला ओळखायचं नाही, मुकुल. सांगायचंय. श्रावणात 'बरं झालं' म्हणाले ना, ते खोटं होतं. जाऊ नकोस असं आताही म्हणणार नाही... जा तू. पण मी रोज इथं गेमसाठी येत नव्हते. एवढी दमलेली असून जिना चढायचे, ते तुझ्यासाठी. माझं प्रेम आहे तुझ्यावर."