पुढच्या सीटवर कोण बसलं होतं?

ही घटना अक्षरशः खरी आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ते भूगोलाचे मास्तर आहेत, आणि कल्पनाशक्ती असल्याचा आरोप त्यांच्यावर आजवर कोणी केलेला नाही.

सोमवारची संध्याकाळ. त्यांच्या साडूचं गॅरेज.

साडू दातांचे डॉक्टर. दोघांनी मिळून दोन सीटची एक जुनी कयाक, म्हणजे वल्ह्यांची निमुळती होडी, घेतली होती. येत्या रविवारी ती पहिल्यांदा पाण्यात घालायची. पुढे मास्तर, मागे डॉक्टर. मास्तरांनी तर नदीचा रंगीत नकाशाही काढून आणला होता. खळाळत्या पाण्याचे हलके रॅपिड्स हिरवे, डबा खायची जागा लाल.

"लाल म्हणजे धोका ना, मास्तर?"

"डबा तुमची मेहुणी करणार आहे."

डॉक्टर हसत चहाचं सांगायला आत गेले.

आणि...

टप.

मास्तरांनी छताकडे पाहिलं. कोरडं ठणठणीत.

टप... टप...

भिंतीवर टांगलेल्या कयाकमधून पाणी ठिबकत होतं. जी अजून पाण्यात गेलीच नव्हती.

त्यांनी आत हात घातला. ओली रेती लागली. पुढच्या सीटसमोरचे पाय टेकायचे आधार मास्तरांनी स्वतःच्या लांब टांगांच्या मापाने लावले होते. ते आता...

जवळ ओढलेले होते. कुणा बुटक्यासाठी.

डॉक्टर दारात उभे होते.

"सांगणार नव्हतो," ते हळूच म्हणाले. "जुन्या मालकाचा भाऊ हिच्यातूनच पडून बुडाला. ठेंगणा होता म्हणे."

"मग रविवार?"

"रद्द. तुमच्या जिवाशी खेळ नको."

मास्तरांच्या अंगावर काटा आला. पण आधी त्यांनी डॉक्टरांचे दोन्ही हात घट्ट धरले. सख्खा भाऊ एवढं जपत नाही.

रात्रभर भीतीने दातावर दात आपटून त्यांची दाढ ठणकायला लागली. दुसऱ्या दिवशी ते साडूच्याच दवाखान्यात गेले.

काउंटरशेजारी साध्या स्टुलावर नवा मदतनीस बसला होता.

त्याचे पाय...

जमिनीला टेकत नव्हते.

"नाकाला काय झालं रे?" मास्तरांनी कसंबसं विचारलं.

"सोललंय, सर. परवा डॉक्टरांबरोबर नदीवर गेलो होतो ना. पुढच्या सीटवर ऊन फार लागतं."

मास्तर अजूनही आशेने त्या बुडालेल्या भावाच्या भुताची बराच वेळ वाट पाहत उभे राहिले. तो काही आला नाही.

दाढ त्यांनी दुसरीकडे काढून घेतली.