पडद्यावर ठणठणीत

कुलूप निघालं आणि धाकट्या बहिणीने दारातूनच हाक मारली, "ताई!"

उत्तर आलं नाही. पलंगावर धुळीचा थर होता. तेवढ्यात न्हाणीघरातला नळ आपोआप सुरू झाला.

धाकटीसोबत आलेल्या इन्स्पेक्टरबाई आत धावल्या. न्हाणीघर रिकामं होतं, बादली भरून वाहत होती. नळाला टायमर लावलेला होता. दिव्याच्या बटणालाही.

"शक्यच नाही," विश्लेषक पुटपुटला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरांची एकेक किल्ली आरोग्य कार्यालयात असे. ती घेऊन तोच आला होता. विजेचा वापर, पाण्याचा वापर आणि औषधांची खरेदी ही माहिती एकत्र करून कोण आजारी पडणार ते आधीच सांगणारा प्रोग्राम त्याचाच. "आज सकाळीसुद्धा ताई पडद्यावर ठणठणीत होत्या."

"ताई फोन घेत नाही म्हटलं, तरी तुम्ही फोनवर हेच सांगत होतात," धाकटी म्हणाली.

ताईंचा पुतण्या भिंतीला टेकून उभा होता. घर त्यालाच मिळणार होतं.

"काकूला शेवटचं कधी भेटलास?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"उन्हाळ्याआधी. कडाक्याचं भांडण झालं. किल्ली काढून घेतली तिने."

"पुन्हा आलाच नाहीस?"

"नाही. पण रस्त्यावरून जाताना दिवा दिसायचा. वाटायचं, आहे."

इन्स्पेक्टरबाई स्वयंपाकघरात गेल्या. गॅसच्या शेगडीवर कोळ्याचं जाळं होतं. कपाटात औषधांची न फोडलेली पाकिटं. खिडकीतून परसातली माती दिसत होती, एका जागी खचलेली. बराच वेळ त्या तिकडेच बघत राहिल्या.

बाहेर येऊन म्हणाल्या, "दिवा लागतो, पाणी वाहतं, औषधं येतात. चूल मात्र कधीच पेटत नाही. शेजाऱ्यांना फसवायचं असतं, तर दोरीवर कपडे वाळत घातले असते, खिडक्या उघडल्या असत्या. इथे माणसांना फसवायचंच नव्हतं. वीज, पाणी, औषधं. एवढंच कोण बघतं?"

त्या विश्लेषकाकडे वळल्या.

"तुमचा प्रोग्राम. तो गॅस बघत नाही, म्हणून तुम्हालाही शेगडी सुचली नाही. किल्लीही तुमच्याकडेच."

विश्लेषकाने ओंजळीत तोंड लपवलं. "मी मारलं नाही त्यांना. छातीत दुखतंय म्हणून त्यांचाच फोन आला. मी पडद्यावर पाहिलं, धोका नाही असं होतं. म्हटलं, पडून राहा. सकाळी येऊन बघतो, तर अंग गार पडलेलं. त्याच दिवशी प्रोग्राम साऱ्या शहरासाठी मंजूर व्हायचा होता."

"म्हणून परसात पुरलंत?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

धाकटी पुढे आली. तिचा आवाज अगदी शांत होता. "फोनवर शेवटी काय म्हणाली ताई?"

"म्हणाल्या, 'तुम्हाला तिथे दिसतंय ना, मग असेन मी बरी. उगीच त्रास दिला तुम्हाला.'"